ड्रिल भोक पाडतं, माप रीमर देतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रॉड दहा मिमीचा, ड्रिलही दहाचं, तरी रॉड भोकात खुळखुळतो, असं तू लिहिलं आहेस. मशीन जुनं म्हणून तसं होत असेल, हा तुझा अंदाज मला पटत नाही. ड्रिलकडून कुणीच नेमक्या मापाची अपेक्षा करू नये. त्याच्या टोकाच्या दोन धारांपैकी एक जरी किंचित लांब राहिली, तरी टोक मध्यावरून सरकतं आणि भोक ड्रिलपेक्षा मोठं पडतं. पातळ पत्र्यात तर ते गोलही पडत नाही, तिकोनी होतं. ड्रिलनं फक्त वाट करून घ्यायची, माप रीमरनं, म्हणजे भोक किंचित कापून नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्यारानं, आणायचं.

त्याच्याही आधी रॉड मोज. मायक्रोमीटर तीन-चार ठिकाणी लाव, आणि प्रत्येक ठिकाणी रॉड फिरवून पुन्हा बघ. नुसता ओढून काढलेला चकचकीत रॉड ‘दहाचा’ म्हणून मिळतो, पण स्मॉल एच ९ प्रतीत (प्रत म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची ठरलेली मर्यादा; स्मॉल एच रॉडसाठी, कॅपिटल एच भोकासाठी) तो ९.९६४ मिमीपर्यंत बारीक असला तरी नियमात बसतो. ग्राइंड केलेला स्मॉल एच ६ प्रतीचा रॉड ९.९९१ च्या खाली जात नाही. कॅपिटल एच ७ चं भोक १०.००० ते १०.०१५ मिमीच्या दरम्यान असतं. म्हणजे दुसऱ्या रॉडला फार तर २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोकळीक मिळेल, पहिल्याला ५१. रॉडच बारीक असेल, तर भोक कितीही सुबक केलंस तरी तो हलणारच.

आता भोकाचं. रेघा आखून जिथे छेदतात तिथे आधी बारीक पंच, मग सेंटर पंच मार. जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, व्हाइसमध्ये घट्ट आवळ आणि शेवटपर्यंत जागचा हलवू नकोस. आधी सेंटर ड्रिल (आखूड, सहसा न वाकणारं), मग सहाचं, मग ९.८ चं, आणि त्याच बसवणीत रीमर. यात सेंटर ड्रिलचा कंटाळा करायचा नाही. लांब ड्रिल सुरुवातीला वाकतं, जिकडे वाकलं तिकडेच आत शिरतं, आणि रीमर ते सुधारू शकत नाही. तो आधीच्या भोकामागून जातो. तिरकं भोक त्याच्याकडून गुळगुळीत होईल, पण तिरकंच राहील.

रीमरला ०.२ मिमी माल ठेवलास की पुरे. फारच कमी ठेवलास तर तो कापायचं सोडून घासत बसतो. जास्त ठेवलास तर खाचांत कीस अडकून भोकाला ओरखडे पडतात. साध्या पोलादात दहाचं हायस्पीड ड्रिल ८०० आरपीएमच्या आसपास चालतं, रीमरला त्याच्या निम्म्याहून कमी वेग दे. फीड, म्हणजे आत सरकवण्याचा वेग, मात्र ड्रिलपेक्षा जास्त, आणि न थांबता. कटिंग ऑइल सढळ हातानं घाल. रीमर बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही. उलटं फिरवलं की धारा बोथट होतात आणि मागे अडकलेला कीस भोक खरवडतो.

जॉब गार झाल्याशिवाय मोजू नकोस. ५० अंशांनी तापलेलं पोलादातलं दहाचं भोक सुमारे ६ मायक्रॉननं फुगलेलं असतं, आणि आपला सगळा खेळ १५ मायक्रॉनचा आहे. कडेला उठलेली धारदार कोर, म्हणजे बर, काउंटरसिंकनं (शंकूच्या आकाराच्या हत्यारानं) हलकीच काढ. बरवर अडलेला रॉड ठोकून बसवलास तर भोकाची कड फाटते.

दोन पट्ट्यांतून एकच रॉड जायचा आहे ना? मग त्या एकत्र आवळून एकदमच भोकं पाड. वेगवेगळी आखलीस तर ती समोरासमोर येतील याची खात्री नाही. आणि तळ बंद असलेल्या भोकात रॉड शेवटी अडतो, तो आत कोंडलेल्या हवेमुळे. रॉडच्या अंगावर एक बारीक खाच दिलीस की हवा निघून जाते.

केस घट्ट बांध. ड्रिल चालू असताना हातमोजे नकोतच, कीस ब्रशनं झाड. रॉडची मापं लगेच कळव, रीमर कुठला घ्यायचा ते त्यावर ठरवू.

तुझी आई