मीनलच्या ऑपरेशनआधी

प्रिय अविनाश,
स. न.

फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. मीनलची प्लीहा, म्हणजे स्प्लीन, काढायची वेळ आली तर काय, असं मी विचारल्यावर तू म्हणालास, "काढली तरी काही अडत नाही म्हणे." तेवढं वाक्य डोक्यात राहिलं.

डॉक्टरांच्या सल्ल्याला माझा विरोध नाही. मीनलचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सविरुद्ध अँटिबॉडी बनवतंय आणि त्या अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट्स मुख्यतः प्लीहेतच गिळल्या जातात. औषधं पुरेनाशी झाली की ऑपरेशन सुचवतात, आणि बऱ्याच जणांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण जे काढतोय ते काय काम करत होतं, हे घरातल्या एकाला तरी नीट माहीत हवं.

डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा अवयव. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे ५ टक्के रक्त त्याच्याकडे जातं. एवढ्याशा अवयवाला इतकं रक्त कशासाठी? कारण तिथे रक्त तपासलं जातं, आणि तपासणाऱ्या पेशी त्याच रक्तातून येतात.

जेम्स गावन्स यांनी १९५०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये केलेले प्रयोग मला फार आवडतात. लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, रोज ढिगाने लसीकेतून, म्हणजे ऊतींमधून गोळा होणाऱ्या पातळ द्रवातून, रक्तात येतात, तरी रक्तातली त्यांची संख्या वाढत नाही. मग त्या जातात कुठे? गावन्स यांनी उंदरांच्या छातीतल्या मोठ्या लसीकावाहिनीत नळी घातली आणि येणारा द्रव बाहेर काढत राहिले. काही दिवसांत त्यातल्या लिम्फोसाइट घटत गेल्या. त्याच पेशी शिरेतून परत सोडल्या, तर संख्या टिकून राहिली. म्हणजे पेशी संपत नव्हत्या, त्याच त्याच फिरत होत्या. मीनलच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइटचा जो आकडा दिसतो, तो त्या क्षणी वाटेवर असलेल्यांचा. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी साधारण २ टक्केच रक्तात असतात.

या फेऱ्यांमधला सर्वांत वर्दळीचा थांबा म्हणजे प्लीहा. दिवसभरात तिच्यातून जितक्या लिम्फोसाइट जातात, तितक्या सगळ्या लिम्फ नोड्समधून, म्हणजे लसीकेच्या वाटेवरच्या छोट्या गाठींमधून, मिळूनही जात नाहीत. लिम्फ नोडकडे आसपासच्या ऊतींमधून लसीका येते, त्यामुळे ते त्या त्या भागावर नजर ठेवतात. प्लीहेत मात्र बाहेरून लसीका आणणारी वाहिनीच नाही. तिथे यायचं तर रक्तातूनच, म्हणून रक्तात शिरलेला जंतू ओळखणं हे खास तिचं काम.

प्लीहेची स्लाइड मी लॅबमध्ये कितीदा पाहिली असेल, तरी पुन्हा पाहावीशी वाटते. लालसर पसाऱ्यात गडद निळी बेटं दिसतात, आणि जवळपास प्रत्येक बेटात एक बारीकशी रोहिणी. तिला बिलगून टी पेशी, बाजूच्या गोल पुंजक्यात बी पेशी, लिम्फोसाइटच्याच या दोन जाती. कोणी कुठे जायचं हे केमोकाइन नावाचे रासायनिक संकेत ठरवतात. आलेली पेशी काही तास थांबते, चाचपते. तिच्या ओळखीचा जंतू सापडला तर तिथेच राहून वाढते, नाहीतर पुढे निघते.

भोवतीच्या लाल भागात तर रक्त चक्क वाहिनीबाहेर सांडतं. परत शिरेत जायचं तर भिंतीतल्या एक-दोन मायक्रॉनच्या फटींतून घुसावं लागतं, आणि लाल पेशी असते सात-आठ मायक्रॉनची! लवचीक असेल ती निसटते, म्हातारी अडकते आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळतात. प्लीहा काढलेल्या माणसाचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, यामुळेच ओळखू येतो. काही लाल पेशींत एकेक गोल जांभळा ठिपका दिसतो, केंद्रकाचा उरलेला तुकडा. एरवी प्लीहा तो काढून टाकते.

बोस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांत आणखी एक गोष्ट दाखवली. प्लीहेत मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा मोठा साठा असतो, आणि हृदयविकाराचा झटका आला की त्या पेशी तिथून निघून जखमी हृदयाकडे धावतात.

मग प्लीहा काढल्यावर काय होतं? लिम्फोसाइट फिरायच्या थांबत नाहीत, दुसऱ्या वाटांनी जातात. जुन्या लाल पेशींचं काम यकृत बरंचसं उचलतं. भरून न येणारी जागा एकच, आणि खरी काळजी तिथेच आहे. न्युमोकॉकससारख्या काही जंतूंभोवती साखरेचं कवच असतं, त्यामुळे ते सहज गिळले जात नाहीत. प्लीहेतल्या निळ्या बेटांच्या कडेला असलेल्या बी पेशी त्या कवचाविरुद्ध झटपट अँटिबॉडी बनवतात, टी पेशींची वाट न पाहता. त्या गेल्या की असा जंतू रक्तात काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. लहान बाळांमध्ये हे घडतं, असं किंग आणि शूमाकर यांनी १९५२ मध्ये लिहिलं. मोठ्यांमध्ये ते क्वचित घडतं, पण धोका जन्मभर राहतो.

म्हणून न्युमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी व्हायला हव्यात. तारीख ठरताना हा विषय तूच काढ. नंतर कधीही थंडी वाजून ताप आला तर "उद्या बघू" नाही, त्याच तासाला दवाखाना. घरी अँटिबायोटिक ठेवायचं का, तेही विचारून घे. कुत्रा चावला तर जखम किरकोळ दिसली तरी लगेच दाखवायचं. मलेरियाच्या भागात जायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आणि एक, हे आजच बघ. तिला मधे रिटक्सिमॅब हे औषध दिलं होतं का? ते बी पेशीच नष्ट करतं, त्यामुळे नंतर साधारण सहा महिने लसींचा प्रतिसाद कमी मिळतो. दिलं असेल तर शेवटचा डोस कधी झाला ती तारीख फाइलमध्ये शोध, मला कळव आणि तिच्या डॉक्टरांनाही सांग.

मीनलला माझी आठवण सांग. तिला हे पत्र वाचायचं असेल तर खुशाल दे.

तुझा,
मुकुंद