कोल्हापूरच्या गाड्या ओढणारी दुर्मीळ विद्युत इंजिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे–मिरज मार्गाच्या विद्युतीकरणाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जे वृत्त आले, त्याचा सूर असा होता की सातारा-सांगलीच्या प्रवाशांची विजेच्या इंजिनाशी गाठ आता प्रथमच पडत आहे. रुळांवरची तार आपल्याकडे नवी आहे, हे मान्य. इंजिन मात्र नवे नाही. मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळात पुण्याला गाडी बदलून मुंबईला जाणारा आपला माणूस काय आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉड गेज, म्हणजे रुंद रूळ, आल्यावर थेट गाडीत बसून राहणारा काय, दोघेही पुण्याच्या पुढे विजेच्याच जोरावर गेले. शिवाय ज्या इंजिनांनी त्यांना नेले, त्यांतली बहुतेक भारतात दुसरीकडे कुठेही चालत नव्हती. त्या इंजिनांच्या आठवणी आपल्या भागातील लोकांनी वेळेवर लिहून ठेवाव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ती दुर्मीळ का होती, हे आधी सांगायला हवे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, तेव्हा १५०० व्होल्टचा एकदिश, म्हणजे डीसी, प्रवाह निवडला गेला. तीच पद्धत पुढे बोरघाट आणि थळघाट हे दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली व तिथेच थांबली. रेल्वेने १९५७ नंतर देशभरासाठी २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहाचा मार्ग धरला. एवढ्या उच्च दाबावर तीन मेगावॉटच्या इंजिनाला साधारण सव्वाशे अँपिअर प्रवाह पुरतो. १५०० व्होल्टवर तेवढ्याच कामाला दोन हजार अँपिअर लागतात, म्हणून तार जाड हवी आणि उपकेंद्रे जवळजवळ हवीत. नव्या मार्गांसाठी जुनी पद्धत परवडणारी नव्हती. परिणामी मुंबईभोवतीच्या या पट्ट्यासाठी जी इंजिने बनली ती थोडी-थोडी, गरजेपुरती बनली, आणि या पट्ट्याबाहेर त्यांना जाताच येत नव्हते.

संमिश्र वाहतुकीच्या, म्हणजे प्रवासी गाड्या आणि मालगाड्या दोन्ही ओढणाऱ्या, डब्ल्यूसीएम वर्गाचेच पाहा. १९५४-५५ मध्ये इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्री आणि इंग्लिश इलेक्ट्रिक यांच्याकडून आलेली डब्ल्यूसीएम-१ ही इंजिने अवघी ७ होती. डब्ल्यूसीएम-२ ही १२ आणि डब्ल्यूसीएम-३ ही तर फक्त ३. या दोन्ही उपवर्गांची कथा मोठी गमतीची आहे: ती मुळात हावड्याकडच्या ३००० व्होल्टच्या डीसी मार्गासाठी मागवली होती, तिकडे एसीचा निर्णय झाल्यावर ती पोरकी झाली आणि १५०० व्होल्टसाठी बदल करून आपल्याकडे पाठवली गेली. हिताची कंपनीची डब्ल्यूसीएम-४ ही ७ आणि पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात बनलेली डब्ल्यूसीएम-५ ही २१. या शेवटच्या मालिकेतील पहिल्या इंजिनाला ‘लोकमान्य’ हे नाव दिले होते आणि १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते सेवेत दाखल झाले. चित्तरंजनला बनलेले ते पहिले विद्युत इंजिन. पाच उपवर्ग मिळून इंजिने पन्नास. पुणे स्थानकात आपल्या गाडीला त्यांतले कोणते लागेल, हे आधी सांगता येत नसे, आणि आम्हा काही जणांना त्या प्रवासात खरा रस तेवढ्यासाठीच असे.

कोयना एक्सप्रेस ही त्यासाठी सर्वांत सोयीची गाडी, कारण ती पुण्याला दिवसाउजेडी पोहोचत असे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणारे प्रवासी पुण्याला झोपेत असत आणि इंजिन बदलल्याचा धक्का तेवढा त्यांना जाणवे. कोयनेचे डिझेल इंजिन कापून बाजूला गेले की तारेखालून विजेचे इंजिन हळूहळू मागे येत असे. कपलिंग, व्हॅक्यूमचे पाइप, मग ब्रेकची चाचणी, हे सारे फलाटाच्या टोकाला उभे राहून निवांत पाहता येई. डीसी इंजिनाचे निघणे डिझेलपेक्षा अगदी निराळे होते. इंजिनातल्या मोटारी आधी एकसर (एकीपुढे एक) जोडलेल्या असत, त्यांच्याबरोबर रोधकांची माळ असे आणि ड्रायव्हर हँडल एकेक खाच पुढे घेत तो रोध कमी करत जाई. प्रत्येक खाचेला गाडीला बारीकसा हिसका बसे. जाणता ड्रायव्हर असेल तर तोही बसत नसे. वेग वाढल्यावर मोटारींची जोडणी बदलून समांतर करत, तेव्हा आवाजाची जातच बदले. (कोयनेच्या धरणातली वीज मुंबईकडे जाऊ लागून कितीतरी वर्षे लोटली, तरी कोयना एक्सप्रेस आपल्या भागातून डिझेलवरच धावत राहिली, हा विनोद आमच्या डब्यात वर्षानुवर्षे चालत असे.)

परतीच्या प्रवासात कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून रेटा देणारी, इंजिने लागत, कारण बोरघाटातला चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. या कामावर एके काळी डब्ल्यूसीजी-१ ही इंजिने होती, ज्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. १९२८ पासून आलेल्या ४१ खेकड्यांपैकी काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला आणि उरलेली व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. पुढेमागे लांब नाके, चाकांना वाफेच्या इंजिनासारखे जोडदांडे, आणि उभे असतानाही कण्हल्यासारखा आवाज. घाट उतरताना मोटारींकडूनच वीज तयार करून ती तारेत परत सोडण्याची सोय त्यांत होती, हे आज ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. त्यांच्यानंतर बँकर म्हणून चित्तरंजनची डब्ल्यूसीजी-२ ही मालगाडीची इंजिने दिसू लागली. एरवी मागून रेटा देणारे हे इंजिन क्वचित एखाद्या दिवशी पुणे–कर्जत पॅसेंजरच्या पुढे लागलेले दिसे, आणि त्या दिवशी आमच्यासारख्यांना पुण्यात उगाचच थांबून राहण्याचे कारण मिळे. १९९६ साली चित्तरंजनने डब्ल्यूसीएम-६ नावाची फक्त २ इंजिने बनवली. केवळ डीसीवर चालणाऱ्या मोठ्या इंजिनांचा वंश तिथे संपला. ती दोन्ही मला मालगाड्यांपेक्षा स्थानकाच्या आवारातच अधिक दिसली.

डेक्कन क्वीनच्या इंजिनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे, कारण १९३० पासून ती गाडी विजेवर धावते. तिच्या आरंभीच्या इंजिनांपैकी ‘सर रॉजर लम्ली’ हे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेले आहे. माझी तक्रार एवढीच की छायाचित्रे काढणाऱ्यांची सारी हौस त्या एका गाडीवर खर्च झाली. चांगले, नुकतेच शेडमधून आलेले इंजिन तिला मिळायचे आणि विचित्र, अपवादात्मक जोड्या सह्याद्री, कोयना किंवा साध्या पॅसेंजरच्या वाट्याला यायच्या. दुर्मीळ ते तिथे होते, आणि तिथे कॅमेरा नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीने बनवलेली डब्ल्यूसीएएम-३ ही ५३ इंजिने कल्याण शेडला आली आणि इंग्लिश बनावटीची जुनी इंजिने मागे पडली. एसी आणि डीसी अशा दोन्ही तारांखाली चालणारे हे यंत्र एसीवर ५००० आणि डीसीवर ४६०० अश्वशक्ती देते. मार्गाचे एसीत रूपांतर टप्प्याटप्प्याने चालू असताना या इंजिनांनीच आपल्या गाड्या अडू दिल्या नाहीत. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरचा डीसी प्रवाह बंद झाला, म्हणजे सुमारे ९१ वर्षांनी ती पद्धत संपली. त्या दिवसापासून डब्ल्यूसीएएम-३ च्या पोटातील डीसीची सारी सामग्री निव्वळ ओझे झाली आहे. आता मिरजेपर्यंत तार आल्याने पुण्याला इंजिन बदलण्याची गरजही उरली नाही. वेळ वाचतो, धूर नाही, याचे मला प्रवासी म्हणून समाधानच आहे.

परंतु त्या इंजिनांवर काम केलेले, किंवा पुण्यात त्यांची जोडणी करणारे कर्मचारी निवृत्त होऊन आता सातारा, कराड, मिरज या गावांत राहत आहेत आणि त्यांची वये पाहता फार वेळ हाती नाही. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत काही आठवडे त्यांच्यासाठी आणि जुन्या प्रवाशांसाठी जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे. आठवण पाठवणाऱ्याने शक्य असेल तर गाडीचे नाव, साल, इंजिनाच्या कपाळावरचा पाच आकडी क्रमांक आणि ते पुढे होते की मागे, एवढे अवश्य लिहावे. क्रमांक असला की उपवर्ग हमखास ठरवता येतो आणि ऐकीव गोष्ट पडताळता येते. घरातल्या जुन्या छायाचित्रांत पाहुण्यांना निरोप देताना मागे इंजिन आलेले असेल, तर तेही उपयोगी आहे.

दुसरी विनंती मध्य रेल्वेच्या प्रशासनाला आहे. डब्ल्यूसीएएम-३ इंजिने सेवेतून काढताना त्यांतले एक, डीसीची सामग्री काढून न घेता, मिरज स्थानकाच्या आवारात ठेवावे. ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकेकाळी ज्या स्थानकात एकत्र होती, तिथे त्याला जागाही आहे आणि ते समजून घेणारे लोकही आहेत. उघड्यावर ठेवल्यास दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो, म्हणून वर छप्पर घालावे आणि क्रमांक, कारखाना व बनावटीचे वर्ष मराठीत लिहिलेली पाटी लावावी.

आपला,
एक रेल्वेप्रेमी वाचक
विश्रामबाग, सांगली