तळघरातलं पाणी

तापीकाठ, ता. शहादा
१२ मार्च

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

काक्रापारच्या अणुवीज केंद्राचं पोस्टिंग आलं असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. ते "बरं" तुला लागलं, असं आई सांगते. म्हणून हे पत्र. फोनवर मला चार वाक्यांपुढे जाता येत नाही, तुला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात लॉगबुक लिहिलेला माणूस मी. माझं जे काही आहे ते लिहिण्यात.

आधी घरचं. दादा जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रातल्या अपघाताचे व्हिडिओ पाठवतोय. काल ११ मार्च, त्या अपघाताचा दिवस होता, त्यामुळे सकाळपासून सहा आले. (त्यातले दोन कुठल्यातरी सिनेमातले आहेत, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.) आई काही बोलत नाही, पण बिबडे थापताना तिचा हात मधेच थांबतो. आजी मात्र बोलते, आणि ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते: "पोरले आगना तोंडमा कसाले लोटी रायना रे भाऊ?" आणि दोंडाईच्याच्या त्या स्थळाकडून निरोप आलाय. मुलगी छान आहे, पण नोकरी "किरणांची" आहे, उद्या मूलबाळ... वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी म्हटलं, पुरं करू नका, पोचलं. फुकुशिमाहून परगावी गेलेल्या मुलांना तिकडच्या शाळेतली पोरं "जंतू" म्हणून चिडवायची, असं मी वाचलंय. योकोहामातली गोष्ट आहे ती. तेव्हा दोंडाईचा आणि योकोहामा यांत मला फारसं अंतर दिसत नाही. त्या स्थळाचा विषय संपला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. दादाच्या व्हिडिओंत स्फोट असतात. १२ तारखेचा, १४ चा, १५ चा. मी पंपांवर आयुष्य काढलेला माणूस, माझी नजर त्या स्फोटांवर ठरत नाही. ती जाऊन थांबते टेकडीवर.

फुकुशिमाच्या त्या जागी मुळात समुद्रालगत ३५ मीटर उंच कडा होता. केंद्र बांधताना तो कापून जमीन १० मीटरवर आणली. खाली पक्का खडक मिळतो हे एक कारण, आणि समुद्राचं पाणी कमी उंचीवर चढवावं लागतं हे दुसरं. हे दुसरं वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. पंपाचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, कमी, विजेचा खर्च कमी. मी असतो तरी कागदावर हेच म्हटलं असतं. कोणीही म्हटलं असतं.

मग २०११ साली दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या जशा बंद व्हायला हव्या तशा आपोआप बंद झाल्या. बाहेरची लाइन गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण-एक तासात १४-१५ मीटरची लाट आली आणि तळघरातले जनरेटर बुडाले. एक जनरेटर वरच्या जागी होता, हवेवर थंड होणारा, तो वाचला. त्या एकट्याने पाचव्या आणि सहाव्या भट्टीला सांभाळलं. पहिल्या तिघींना कोणी उरलं नाही.

बंद झालेली भट्टी विझत का नाही, हे आजीने विचारलं होतं. तुला शिकवलं असेल, पण मी तिला कसं सांगितलं ते ऐक. म्हटलं, माय, तू रात्री चुलीतलं लाकूड ओढून घेतेस, तरी सकाळी राख उकरली की आर निघतोच ना? त्या आरावर दूध तापतं. तिथे हा आर लाकडाच्या चुलीच्या हजारो पट. बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, आणि त्यावर कितीतरी दिवस पाणी फिरवत राहावं लागतं. आमच्या बॉयलरचं तसं नाही. कोळसा थांबला, आग संपली, आम्ही चहाला मोकळे. एवढाच काय तो फरक तुझ्या-माझ्या नोकरीत, पण केवढा!

केंद्र ५.७ मीटरच्या लाटेसाठी धरलेलं होतं. आणि २००८ साली त्याच कंपनीच्या आतल्या हिशोबात १५.७ मीटरचा आकडा निघाला होता. तो कागद वर गेला आणि अजून अभ्यास करू या म्हणून राहिला. भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ असलेलं ओनागावा केंद्र मात्र तगलं, कारण तिथे बांधतानाच एक इंजिनिअर उंच जागेसाठी हटून बसला होता. गावातली घरं वाहून गेलेली माणसं त्याच केंद्राच्या आवारात आसऱ्याला आली. दादाला हे पाठवलं. त्याने अंगठा दाखवला, म्हणजे वाचलं नाही.

माणसं मेली ती कशाने, हेही त्याला सांगून पाहिलं. लाटेने आणि भूकंपाने अठरा हजारांवर गेली आणि बेपत्ता झाली. किरणोत्साराने गेलेला म्हणून जपान सरकारने २०१८ साली एक कामगार मान्य केला. पण दीड लाखावर लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्या पळापळीत, छावण्यांत, इस्पितळांतून हलवताना, नंतर एकटं पडून जी माणसं गेली ती फुकुशिमा प्रांतात तेवीसशेच्या वर आहेत. बहुतेक म्हातारी. हे वाचताना मला आपली आजी दिसते. तिचं माहेर तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलं ते १९७२ च्या आसपास. तिथे ना किरणं होती ना स्फोट. स्वच्छ जलविद्युत. तरी ती अजून झोपेत त्या गावातल्या विहिरीचं नाव घेते. फुताबा गावात लोकांना परत राहू द्यायला २०२२ उजाडलं, म्हणजे अकरा वर्षं. आजीला तर कोणी परतच बोलावलं नाही.

दादा म्हणतो, एवढं ऊन पडतं खान्देशात, सोलर का नाही? पडतं खरं. मे महिन्यात ४५ ला पारा जातो, फुकट वाया. साक्रीला १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तू लहानपणी मोजायचीस. मी विरोधात नाही. मळ्यात सौर पंप बसला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला, कारण रात्री दोनला टॉर्च घेऊन मोटार चालू करायला जाणं सुटलं. पण वीज जमिनीशिवाय उगवत नाही. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर विखरण. वीज प्रकल्पाला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून धर्मा पाटलांनी, ८४ वर्षांच्या माणसाने, जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. तेव्हा "स्वच्छ ऊर्जा" हा शब्द कोणी माझ्यापुढे उच्चारला की मी विचारतो, कोणाच्या अंगणात?

आणि कोळसा तर माझाच. २१० मेगावॉटचं एक युनिट दिवसाला तीन-साडेतीन हजार टन कोळसा खातं आणि हजार-बाराशे टन राख मागे टाकतं. आई कॉलनीत पापड वाळत घालायची तर वर जुनं लुगडं, त्यावर आणखी एक. तरी दाताखाली करकरायचं. तुझा लहानपणचा खोकला गावी आल्यावर महिन्याभरात गेला, ते आठव. त्या खोकल्याचा व्हिडिओ कोणी करत नाही. तुमच्याकडच्या २२० मेगावॉटच्या भट्टीला दिवसाला इंधनाचे पंधरा-सोळा किलोचे थोडेसे गठ्ठे पुरतात, हे मला अजून खोटं वाटतं. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, जपानने सगळ्या बंद करून २०१५ पासून एकेक परत चालू केल्या. दोघेही हुशार देश. मी कोणत्या तोंडाने निकाल देऊ?

आता जे सांगायला बसलो ते. हे आईलाही पूर्ण माहीत नाही.

माझ्या एका पोस्टिंगमध्ये (कुठलं ते लिहीत नाही, तुला अंदाज येईल) टर्बाइनच्या तळघरात कंडेन्सेट पंपांचा खड्डा होता. गळतीचं पाणी उपसायला त्यात संप पंप, आणि पाणी चढलं की तो आपोआप सुरू करणारा फ्लोट. तो फ्लोट अडकायचा. मी लॉगबुकात लिहिलं. पुढच्या पाळीला परत लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा साहेब हसून म्हणाले, "पाटील, तुमची कविता छान आहे, पण किती वेळा तीच?" सगळे हसले. मीही हसलो. चौथ्या रात्री मी खाली उतरलो, फ्लोट काठीने हलवला, वर आलो आणि लिहिलं, "शिफ्ट नॉर्मल." सही केली.

पाचव्या रात्री पाऊस. बाहेरची गटार तुंबून पाणी उलटं आत आलं. फ्लोट अडकलेला. पंपांच्या मोटारी बुडाल्या, युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. ते काही नाही, युनिट ट्रिप होतात. पण गाळणी मोकळी करायला एक कंत्राटी पोरगा खाली उतरला, एकोणीस-वीस वर्षांचा. ओल्या जागी २४ व्होल्टचा हँडलॅम्प वापरायचा असतो. तो स्टोअरला शिल्लक नव्हता, म्हणून होल्डरला साधा २३० चा बल्ब लावून दिला होता. कोणी दिला? मी दिला. वायर एके ठिकाणी खरचटलेली होती. त्याचा आवाज मी वरून ऐकला. पोरगा वाचला. पण उजव्या हाताची मूठ त्याला परत कधी मिटता आली नाही. चौकशीत लॉगबुक काढलं, आदल्या रात्रीच्या पानावर "शिफ्ट नॉर्मल" आणि खाली माझी सही. मला काहीही झालं नाही. उलट आधीच्या तीन नोंदींमुळे मी सुटलो. कागदावर मीच एकटा जागरूक माणूस होतो.

म्हणून तुझ्या नोकरीची मला भीती वाटते ती किरणांची नाही, गौरी. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्राचं तू वाचलं असशील, ३१ मार्च १९९३. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि सतरा तास केंद्र अंधारात. माणसांनी टॉर्च घेऊन वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि आग विझवायच्या डिझेल पंपांचं पाणी फिरवलं. भट्टी वाचली. पात्यांचा आराखडा बदलावा असं आधीच सुचवलेलं होतं, ते राहून गेलेलं. पाती, हायड्रोजन, केबलचा जाळ, यात अणूचं काय आहे? हे सगळं आमच्याकडेही होतं. आणि तू जिथे चाललीस तिथे १९९४ च्या जूनमध्ये पुराचं पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं होतं, आणि २०१६ साली नेमक्या ११ मार्चलाच पहिल्या युनिटच्या नळीतून भट्टी थंड ठेवणारं जड पाणी गळलं. दोन्ही वेळा निभावलं. का निभावलं, ते पहिल्याच महिन्यात जुन्या माणसांना चहा पाजून विचार. इंजिनिअरला नको, पंधरा-वीस वर्षं झालेल्या ऑपरेटरला विचार. आणि तळघरात स्वतः उतर. बूट ओले झाले तर का झाले ते लिही. चौथ्यांदा हसले तर पाचव्यांदा लिही. तुझ्या इंग्रजीला कविता म्हणाले तरी लिही.

जा तू. हेच मला त्या "बरं" मध्ये म्हणायचं होतं.

बाकी सोपं आहे. दोंडाईच्याहून गाडी धरलीस की नंदुरबार, नवापूर, व्यारा. व्याऱ्याला उतरायचं, तिथून तुमची कॉलनी जवळ. आईने बिबडे आणि कळण्याचं पीठ बांधून ठेवलंय. दादा सोडायला येतो म्हणतोय. रस्ताभर भांडेल, भांडू दे. पहिल्या पगारात आजीला नऊवारी घे, हिरवी नको म्हणते.

आजीला मी सांगितलं की तू जाशील तिथे आपल्याच तापीचं पाणी वापरतात. ती गप्प झाली. संध्याकाळी मला नदीवर घेऊन गेली आणि पुलाखाली नारळ सोडला, तुझ्या नावाने. विचारलं, पोरीपर्यंत पोचेल का? मी म्हटलं, नाही माय, मधे प्रकाशा गावचं बॅरेज आहे, पुढे उकाईचं धरण, तिथे अडकेल. ती पदराला हात पुसत म्हणाली, "मंग मना माहेरले पोची जाई."

तुझे,
पप्पा