ऑर्व्हिएतोच्या शेजारच्या सिन्योरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय सिन्योरा,

सप्रेम नमस्कार.

इटलीतल्या ऑर्व्हिएतो गावात मुक्कामाच्या बंद दारासमोर बॅग घेऊन ताटकळणाऱ्या एका परक्या बाईला आपण वरच्या खिडकीतून हाक मारलीत, त्याबद्दल हे पत्र आहे. इटालियनमध्ये चार ओळींचे कार्ड मी निराळे पाठवले आहेच. परंतु आपण नेमके काय केलेत हे सविस्तर सांगणे मला मराठीतच जमेल, आणि इटलीला एकटीने जाऊ पाहणाऱ्या इकडच्या चारजणींच्याही ते वाचनात यावे, अशी इच्छा आहे.

किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत असेल असे मला कळवले होते, पण कळवलेल्या आकड्यांनी ती पेटी काही केल्या उघडेना, आणि घरमालक फोन उचलेनात. दुपारचा एक वाजून गेल्यामुळे गल्लीतली दुकानेही बंद झालेली होती. एकटीने प्रवास करताना बॅग ठेवायला भरवशाचा कोपरा मिळाला की निम्मी काळजी मिटते. आपण तो कोपरा तर दिलातच, शिवाय मालकांना फोन लावत राहिलात आणि तोवर मला स्वयंपाकघरात बसवून जेवूही घातलेत. मी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, हे खाणाखुणांनी सांगितल्यावर आपण पिठाचा डबा आणि पाण्याचा नळ दाखवून समजावलेत, की उंब्रिकेल्ली नावाचा आपल्याकडचा जाड पास्ता नुसत्या पिठापाण्याचा असतो. टोमॅटो-लसणाचा तो पास्ता खाताना मी पिशवीतली मेतकुटाची पुडी काढली. आपण चिमूटभर जिभेवर ठेवून त्यातली डाळ लगेच ओळखलीत!

खरे ऋण मात्र त्यानंतरचे आहे. रोमहून गाडीने येताना मला दिसले होते ते उभ्या कड्यावर वसलेले देखणे गाव. स्टेशनसमोरून, १८८८ साली पाण्याच्या वजनावर चालू झालेल्या आणि आता विजेवर धावणाऱ्या फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, वर यायचे, बसने थेट कॅथेड्रल गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, एवढाच माझा बेत होता. आपण जेवण होताच दिवा लावून मला तळघरात नेलेत. पिवळसर, हाताला खरखरीत लागणाऱ्या दगडावर कुदळीचे तिरके घाव अजून स्पष्ट दिसत होते, आणि एका भिंतीत खालपासून वरपर्यंत चौकोनी कोनाड्यांच्या रांगा होत्या. ते देवादिकांचे असावेत असे मला वाटले. आपण दोन्ही हातांनी पंख फडफडवून दाखवलेत तेव्हा ती कबुतरांची घरटी असल्याचा उलगडा झाला. कड्याच्या अंगाला असलेल्या खिडकीतून कबुतरे बाहेर जात, आपले पोट आपण भरत, आणि अंडी घालायला परत येत. माणसाला बसल्या जागी मांस मिळे. (शाकाहारी पाहुणीला हे सांगताना आपल्याला आलेले हसू मी पाहिले आहे.) ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या या मऊ दगडात रोमनांच्याही आधीच्या इट्रुस्कन लोकांच्या काळापासून माणसांनी विहिरी, टाकी, तेलाचे घाणे आणि चुन्यात मिसळायच्या मातीच्या खाणी खोदल्या, आणि आज गावाखाली हजाराहून अधिक गुहा आहेत. वरचे गाव ज्या दगडाने बांधले, तो पुष्कळसा खालूनच काढलेला आहे, हे आपल्या तळघरात उभे राहिल्यावर मला पटले.

मग आपण कागदावर नकाशा काढून, फ्युनिक्युलरमधून मी ज्या चौकात उतरले होते त्याच्याच कडेची सान पात्रिझिओची विहीर पाहायला मला उलट पाठवलेत. रोम लुटले गेल्यावर १५२७ साली आश्रयाला आलेल्या पोप सातव्या क्लेमेंट यांनी, वेढा पडला तर पाणी असावे म्हणून, वास्तुविशारद आंतोनिओ दा सांगाल्लो यांच्याकडून ती खोदवून घेतली आणि १५३७ साली ती पुरी झाली. बारवा पाहिलेल्या माणसाला विहिरीत उतरण्याचे अप्रूप नाही. अप्रूप होते ते एकमेकांभोवती वळत जाणाऱ्या दोन स्वतंत्र जिन्यांचे, ज्यांमुळे पाणी वाहणारी खेचरे एका वाटेने उतरत, दुसरीने चढत आणि समोरासमोर कधी येत नसत. खोली ५३ मीटर, पायऱ्या २४८. पण खेचरांसाठी त्या बुटक्या आणि रुंद केल्या असल्याने माझ्या पन्नाशीच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

कॅथेड्रलला सायंकाळीच जा, असे आपण घड्याळावर बोट ठेवून बजावलेत, तेही योग्यच होते, कारण त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे आणि उतरत्या उन्हातच त्यावरचे सोनेरी मोझॅक उजळते. मला अधिक भावल्या त्या बाजूच्या भिंती. पांढऱ्या दगडाच्या थरांमध्ये तिथे बसाल्टचे काळे थर आहेत, म्हणजे आमच्या सह्याद्रीचाच दगड. १२९० साली पाया घातलेल्या इमारतीत तो भेटल्याने मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होते. दर्शनी खांबांवरील शिल्पांत, झोपलेल्या आदमच्या बरगडीतून ईव्ह घडवली जाते तो प्रसंग आपण सांगितल्याप्रमाणे डावीकडच्या पहिल्याच खांबावर सापडला.

निघताना आपण काहीही घेतले नाहीत. माझ्या दोन मैत्रिणी ऑक्टोबरात रोमला येत असून त्यांच्यासोबत मेतकुटाचा डबा पाठवत आहे. ते मऊ गरम भातावर घालावे, वर तूप सोडावे; तूप नसेल तर लोणी चालेल. मैत्रिणींपैकी एक अंडे खाते, एक खात नाही.

आपली ऋणी,
पुण्याची पाहुणी