कोबिएलाला वगळून पोलिश सिनेमा कसा सांगणार?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पोलिश सिनेमावरचा लेख वाचला. वायदा, झानुसी आणि किएस्लोव्स्की या दिग्दर्शकांवर लेखकाने मनापासून लिहिले आहे, त्याबद्दल आभार. खटकले ते एवढेच की, पूर्ण पानभर लेखात एकाही विनोदी नटाचे नाव नाही. आपल्याकडे पोलिश सिनेमाचा विषय निघाला की युद्ध, शोक आणि सदसद्विवेक यांवर भरभरून लिहिले जाते आणि हसवणारी माणसे बाजूला राहतात. त्यातल्या एकाविषयी, बोगुमिऊ कोबिएला याच्याविषयी, लिहिल्यावाचून राहवत नाही.

वायदांच्या ‘अॅशेस अँड डायमंड्स’ (१९५८) या चित्रपटाबद्दल लेखात दोन परिच्छेद आहेत. काळा चष्मा घातलेला झ्बिग्निएव त्सिबुल्स्की सगळ्यांच्या लक्षात राहतो, आणि तो राहावा असाच आहे. पण त्याच चित्रपटातला द्रेव्नोव्स्की आठवून पाहा. नगराध्यक्षांचा हा सेक्रेटरी एकीकडे नव्या राजवटीत नोकरी करतो आणि दुसरीकडे भूमिगत कटवाल्यांशीही संबंध ठेवून असतो. साहेब आता मंत्री होणार, म्हणजे आपलीही वर्णी लागणार, या आनंदात तो इतकी पितो की आग विझवायचे नळकांडे घेऊन थेट मेजवानीत घुसतो आणि जमलेल्या बड्या पाहुण्यांवर फवारा सोडतो. एका रात्रीत त्याची नोकरी आणि स्वप्ने दोन्ही जातात. ही भूमिका कोबिएलाची. संधिसाधू माणूस म्हणून त्याचा राग यायला हवा, तरी त्या प्रसंगात त्याची कीवच येते. हे काम हलक्या हाताचे नाही.

कोबिएला आणि त्सिबुल्स्की हे जिवलग मित्र. दोघेही क्राकोच्या नाट्यशाळेत शिकले, नंतर ग्दान्स्कला आले आणि १९५४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर ‘बिम-बोम’ नावाचे नाट्यमंडळ उभारण्यात दोघेही पुढे होते. छोटे छोटे प्रवेश, शब्द कमी, हावभाव आणि प्रतिमा जास्त, असा त्यांचा बाज होता. पडद्यावर कोबिएला नुसत्या मानेच्या हालचालीने, खांदे आखडून केवढे तरी सांगून जातो, त्याचे मूळ मला या रंगमंचावर दिसते.

त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे आंद्रे मुंक यांचा ‘बॅड लक’ (१९६०). कान महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट होता. यान पिश्चिक नावाचा माणूस आपली कर्मकहाणी सांगतो. युद्धापूर्वी त्याच्या नाकावरून लोक त्याला ज्यू समजतात. १९३९ मध्ये लढाई सुरू झाल्यावर तो सैनिकी शाळेत पोहोचतो, तर तिथे कोणीच उरलेले नाही. तरीही हौसेने गणवेश अंगावर चढवतो आणि त्याच गणवेशात जर्मनांच्या हाती सापडतो. अधिकाऱ्यांच्या युद्धकैदी छावणीत तो आपल्या शौर्याच्या खोट्या कथा सांगतो आणि तिथेही उघडा पडतो. युद्ध संपते, कम्युनिस्ट राजवट येते, पिश्चिक कचेरीत कामाला लागतो, वरिष्ठांची मर्जी राखायला जिवाचे रान करतो आणि शेवटी तुरुंगात जातो. सुटकेची वेळ येते तेव्हा हा माणूस तुरुंगाधिकाऱ्याची विनवणी करतो की मला इथेच राहू द्या.

पिश्चिकचे निवेदन आपण ऐकतो तेव्हा दोष सगळा नशिबाचा असतो. डोळ्यांना मात्र वेगळेच दिसत असते: त्याची भीती, त्याचा मोठेपणाचा सोस, जो समोर येईल त्याच्यासारखे होण्याची घाई. या दोन्हींमधले अंतर कोबिएला एकट्याच्या चेहऱ्यावर पेलतो. तो कुठेही प्रेक्षकाकडे बघून हसू मागत नाही. पिश्चिकच्या दृष्टीने सगळे जीवनमरणाचेच चाललेले असते, म्हणून आपण हसतो आणि मग गप्प होतो. एका पिढीने तीन राजवटी कशा सोसल्या, हे मला गंभीर चित्रपटांपेक्षा या चित्रपटाने अधिक समजावले. (पुढे जगप्रसिद्ध झालेले रोमान पोलान्स्की या चित्रपटात मुंक यांचे सहायक होते. एका शिकवणीवाल्या मास्तरच्या छोट्या भूमिकेतही ते दिसतात.)

वायदांनीच १९६८ मध्ये विज्ञानकथाकार स्तानिस्वाव लेम यांच्या पटकथेवर दूरचित्रवाणीसाठी जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा चित्रपट केला. शर्यतीत मोटार चालवणाऱ्या माणसाला अपघातानंतर त्याच्या मेलेल्या भावाचे अवयव बसवतात. मग विमा कंपनी म्हणते, भाऊ पूर्ण मेलेलाच नाही, पैसे कशाचे द्यायचे? पुढच्या अपघातांनंतर आणखी लोकांचे अवयव येतात. कोबिएला ही भूमिका इतकी सरळपणे करतो की प्रश्न खराच वाटू लागतो. लेम आपल्या कथांवरच्या चित्रपटांवर सहसा नाराज असत, हा मात्र त्यांना आवडला होता.

मुंक १९६१ मध्ये मोटार अपघातात गेले. त्सिबुल्स्की जानेवारी १९६७ मध्ये व्रोत्सवाफ स्थानकात चालत्या गाडीत चढताना गेला. जुलै १९६९ मध्ये कोबिएलाही रस्त्यावरच्या अपघातानंतर गेला, वय ३८. त्सिबुल्स्कीची आख्यायिका झाली, त्याच्यावर लेख आले, आजही येतात. कोबिएलाच्या वाट्याला आपल्याकडे तळटीपही येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९८८ मध्ये पिश्चिक पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा ती भूमिका येझी श्टूर यांनी केली. श्टूर यांचे ‘कॅमेरा बफ’मधले काम आपल्या फिल्म सोसायट्यांतल्या अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्याआधी ही वाट कोणी पाडली, तेही ठाऊक व्हायला हवे.

आपल्या लेखकाला विनंती की पुढच्या भागात एक तरी परिच्छेद कोबिएलासाठी राखावा. पुण्या-मुंबईतल्या आणि कोल्हापूर, नाशिकच्या फिल्म सोसायट्यांनाही सांगणे आहे: पोलिश चित्रपटांचा पुढचा महोत्सव ठरवताना ‘बॅड लक’ यादीत घ्या, तोही शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी. आडवारी दुपारी लावला तर नोकरदारांना येता येत नाही.

आपला नियमित वाचक,
सातारा