दगडफुलातल्या शैवालाचीही नोंद हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला दगडफुलांवरचा, म्हणजेच लायकेनवरचा लेख मन लावून वाचला. दगडफुलात एकत्र राहणाऱ्या जोडीत बुरशी आसरा देते, शैवाल अन्न पुरवते, हे त्यात छान उतरले आहे. मात्र लेखभर बुरशीच्या जातींची नावे येतात आणि शैवाल नुसते ‘हिरवे शैवाल’च राहते. वनस्पतिशास्त्र शिकवणारी म्हणून मला हे फार खटकले.

दगडफुलाचा ब्लेडने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की वर बुरशीच्या तंतूंची दाट साल दिसते आणि तिच्या लगेच खाली हिरव्या गोल पेशींचा अरुंद पट्टा. पेशीत ताऱ्यासारखे फाटे फुटलेले एकच मोठे हरितलवक दिसले, तर ते बहुधा ट्रेबॉक्सिया नावाचे शैवाल. मुलांना मी हे दरवर्षी दाखवते. डोळ्यांना या पेशी सारख्याच वाटतात. डीएनए वाचला की त्यांत कितीतरी वेगळे वंश निघतात. रामालिना फॅरिनेशिया या दगडफुलात तर ट्रेबॉक्सियाच्या दोन जाती एकाच देहात नांदतात. एक ऊन आणि उष्णता जास्त सोसते, दुसरीला सौम्य हवा नि सावली मानवते. सेट्रारिया ॲक्युलिआटाची बुरशी ध्रुवीय प्रदेशात एका वंशाच्या शैवालाशी जोडी जमवते, तर भूमध्य समुद्राच्या परिसरात दुसऱ्याच.

हवामान बदलल्यावर कोणते दगडफूल तगेल, हे बरेचसे या हिरव्या पट्ट्यावर ठरणार आहे. शिवाय बुरशीचे बीजाणू अनेकदा एकटेच उडून जातात. पडतील तिथे जुळणारे शैवाल भेटले तरच पुढे दगडफूल घडते.

दगडफुलात दोन जीव असतात हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा नामवंत तज्ज्ञांनीच ते धुडकावले होते. आज ते शालेय पुस्तकात आहे. तरी दगडफुलाचे शास्त्रीय नाव नियमाने बुरशीचेच, आणि वनस्पती-संग्रहात वाळवलेला नमुना ज्या पाकिटात ठेवतात त्यावरही बहुधा तेवढेच. नियम खुशाल राहू दे. पण नमुना गोळा करणाऱ्यांनी शैवालाचाही डीएनए तपासून त्याची नोंद त्याच पाकिटाशी जोडावी. जुन्या वाळक्या नमुन्यांतूनही तो पुष्कळदा मिळतो. आणि आपल्या पुढच्या लेखात त्या शैवालाचे नावही छापावे, ही विनंती.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका