दादा, छकुलीच्या लग्नाचं एवढ्यात नको

अदिस अबाबा

दादा आणि वैनी, साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर म्हणलास की छकुलीला जिंतूरकडचं स्थळ आलंय, पोराकडं ट्रॅक्टर आहे, देण्याघेण्याचं लई ताणत नाहीत, आणि दिवाळीनंतर तुम्ही दोघं ऊसतोडीला गेल्यावर वयात आलेली पोरगी एकटी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची. मला कळतं रे. आईबापू कोयता घेऊन जायचे तेव्हा आपल्याला सांभाळायला आजी होती, छकुलीला ती पण नाही. पण मला फोनवर रडू यायलं आणि धड बोलता येईना, म्हणून लिहायलेय. वैनीला वाचून दाखव, छकुलीला पण.

इथं इथिओपियात एक सर्जन बाई होऊन गेल्या, कॅथरीन हॅमलिन. मूळच्या सिडनीच्या, 1924 चा जन्म. मेडिकलच्या मासिकात जाहिरात बघून 1959 ला त्या आणि त्यांचे मिस्टर रेजिनाल्ड, ते पण बाळंतपणाचेच डॉक्टर, लहान लेकराला घेऊन इथं आले. काम काय तर सुइणींची शाळा काढायची, करार तीनच वर्षांचा. पण बाई परत गेल्याच नाहीत, मार्च 2020 मध्ये 96 वर्षांच्या होऊन स्वतः काढलेल्या हॉस्पिटलच्या आवारातल्या घरातच वारल्या. आल्या त्याच दिवशी इथल्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणे, फिस्टुलाच्या बायका बघून तुमचं काळीज फाटेल.

फिस्टुला म्हणजे काय ते तुला सरळ सांगते, भाऊ आहेस म्हणून लाजत नाही. पोरगी पंधरा-सोळाची, कंबरेची हाडं अजून भरलेली नसतात, बाळंतपणात अडते. दोन दोन, चार चार दिवस कळा, जवळ दवाखाना नाही, रस्ता नाही. बाळाचं डोकं आत अडकून राहतं आणि त्याच्या दाबानं बाळाची वाट आणि लघवीची पिशवी यांच्या मधल्या मांसाचं रक्त तुटतं, ते सडून गळतं आणि तिथं भोक पडतं. लेकरू बहुतेक मेलेलंच निघतं. मग लघवी रात्रंदिवस ठिबकत राहते, काहींना संडासच्या बाजूनं पण भोक पडतं. वास येतो म्हणून नवरा सोडतो, माहेरचे पण लांब झोपडी घालून देतात. त्या पोरीचा काय गुन्हा सांग.

मी आमच्या नर्सिंगच्या पोरींना घेऊन बाईंच्या हॉस्पिटलात जाते. फिजिओथेरपीच्या खोलीत एक मुलगी दोन्हीकडच्या दांड्या धरून उभी राहायला बघत होती, छकुलीच्याच अंगलटीची. तिचं ऑपरेशन अजून झालंच नव्हतं कारण गुडघेच सरळ होईनात. घरी ती महिनोन्महिने अंगाचं मुटकुळं करून पडून होती, हललं नाही तर ठिबकायचं थांबेल असं तिला वाटायचं. त्यात नस दबून एक पाऊल लोंबतं. एक पाऊल टाकायची, घामाघूम व्हायची, परत टाकायची. अशा पोरींना आधी पोटभर खाऊ घालतात, पाय मोकळे करतात आणि मगच टेबलावर घेतात.

ऑपरेशन खालच्या वाटेनंच होतं बहुतेक. जागा एवढीशी, टाक्याला जराही ताण बसता कामा नये, नंतर दोनेक आठवडे नळी आणि सारखं पाणी पाजायचं. परदेशात वेळेवर सिझर व्हायला लागल्यापासून हा आजार दिसेनासाच झालता, त्यामुळं हॅमलिन नवरा-बायकोनं इथं येईपर्यंत एकही केस बघितली नव्हती, जुनी पुस्तकं काढून आणि इजिप्तच्या नागिब महफूझ या डॉक्टरांच्या कामावरून ते शिकले. 1974 ला स्वतःचं हॉस्पिटल उभं केलं, त्याच वर्षी इथला बादशहा हैले सेलासी गादीवरून गेला, लष्कराचं राज्य आलं, तरी ही दोघं हलली नाहीत. 1993 ला मिस्टर वारले, बाईंनी काम चालूच ठेवलं. आजवर तिथं 60 हजारांच्या वर बायकांवर उपचार झालेत, पेशंटकडून एक रुपया घेत नाहीत, आणि घरी निघताना प्रत्येकीच्या अंगावर नवा ड्रेस.

मला सगळ्यात जास्त भरून येतं ते मामितू गाशेचं ऐकून. 1962 ला सोळा वर्षांची असताना पेशंट म्हणून आली, लिहिता वाचता येत नव्हतं. तिथंच राहिली, खाटा आवरायची, मग ऑपरेशनला हाताखाली उभी राहायला लागली, मग स्वतःच ऑपरेशन करायला लागली आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांना शिकवायला पण. 1989 ला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं हॅमलिन जोडप्यासोबत तिला पण गोल्ड मेडल दिलं. अशी पोरगी गावातच राहिली असती तर मेली असती, दुसरं काय.

तू म्हणशील आपल्याकडं 108 आहे, अंबाजोगाईला मोठा सरकारी दवाखाना आहे, इथं कुठं असलं होतंय. पण तुम्ही सहा महिने असता कुठं, फडाजवळ पालात. आणि सोळाच्या पोरीचं अंग तर तिथं काय नि इथं काय सारखंच ना. सरकारच्याच 2019-21 च्या पाहणीत आलंय की बीड जिल्ह्यात विशी-चोविशीतल्या बायकांमध्ये शंभरात चाळीसच्या वर जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. वैनीचं बघ, सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, तिशीत गर्भपिशवी काढली, आणि ती का काढली तर पाळीत खाडा पडतो म्हणून मुकादम बोलायचा. हे छकुलीला नको दादा, पाया पडते.

कॅथरीनबाईंना कळलं होतं की नुसते टाके घालून हे संपणार नाही, म्हणून 2007 ला त्यांनी सुइणींचं कॉलेज काढलं. खेड्यातल्या हुशार पोरी घेतात, शिकवतात आणि परत खेड्याकडंच पाठवतात. छकुलीला दहावीला विज्ञानात चांगले मार्क पडलेत, तिनं बारावी करून नर्सिंगला जावं असं मला फार वाटतं, फी मी भरते, तू त्यात पडू नको. तोडीच्या दिवसात राहायचं म्हणशील तर ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघालीत, बीडला समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन मुलींचं आपल्या जवळ कुठं आहे ते विचार. जागा भरायच्या आत जा. आणि जिंतूरवाल्यांना सांग, पोरगी शिकायलीय, अठरा झाल्याशिवाय आम्ही बघत नाही.

मुकादमाची उचल अजून घेतली नसशील तर थांब जरा, मी पैसे लावून देते. रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करते, इथं तेव्हा साडेसहा होतात. छकुलीला जवळ बसवून ठेव, मला तिच्याशीच बोलायचंय.

तुझी
माई